ऑप्टिस्पार्कचा ३८ डॉलरचा रेनकोट, घ्यावा का?

ऑप्टिस्पार्क म्हणजे शेव्हीच्या (शेव्हरोलेच्या) नव्वदच्या दशकातल्या एका इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर, प्लगना ठिणगीचा करंट वाटून देणारा डबा, आणि रेनकोट म्हणजे त्याला पाण्यापासून वाचवायचं रबरी कव्हर. पाचपैकी तीन स्टार. वस्तूला खरं तर साडेतीन, पण सोबत जो सूचनांचा कागद येतो त्याने अर्धा घालवला, का ते पुढे येईलच.

आधी हे कोणाच्या कामाचं आहे ते सांगतो, उगाच बाकीच्यांचा वेळ नको. तुमच्याकडे १९९२ ते ९६ मधली कॉर्व्हेट असेल, किंवा १९९३ ते ९७ ची कॅमेरो झेड-२८ नाहीतर फायरबर्ड, किंवा ती भलीमोठी इंपाला एसएस, म्हणजे थोडक्यात शेव्हीचं ५.७ लिटरचं एलटी-वन इंजिन असेल तर वाचा. झेडआर-वन कॉर्व्हेटवाल्यांचं इंजिनच वेगळं, त्यांनी निघा. आणि १९९७ पासून कॉर्व्हेटमध्ये एलएस-वन आलं, त्यात डिस्ट्रिब्युटरच नाही, प्रत्येक सिलिंडरला स्वतःची कॉइल, त्या लोकांना आमचं दुःख कळणार नाही.

माझी कॉर्व्हेट १९९५ ची, गडद लाल, ऑटोमॅटिक. चार वर्षांपूर्वी न्यू जर्सीत घेतली, घेतली तेव्हा ७१ हजार मैल झाले होते. बायको म्हणाली घरात दोन मुलं आणि तू दोन सीटची गाडी आणलीस, त्यावर माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

तर ऑप्टिस्पार्क. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या मागे किंवा वर नसतो, पुढच्या तोंडावर असतो, कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्याच्या) टोकाला थेट जोडलेला. आत एक पातळ पत्र्याची चकती फिरते, तिला कडेने ३६० बारीक खाचा, म्हणजे एकेका डिग्रीला एक, आणि आतल्या गोलात आठ मोठ्या खाचा, आठ सिलिंडरच्या. एका बाजूने इन्फ्रारेड उजेड सोडायचा, दुसऱ्या बाजूने मोजायचा, आणि कंप्युटरला कॅम नेमका कुठे आहे ते कळतं. कल्पना खरंच भारी आहे, जुन्या डिस्ट्रिब्युटरला गिअरमधून फिरवायचे त्यात थोडी ढिलाई यायचीच, ती इथे नाही. पण त्याच्या डोक्यावर कोण बसलंय? वॉटर पंप. आणि पंपाच्या पोटाला एक छोटं भोक असतं, वीप होल, पंपाचं सील जायला लागलं की कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, बेअरिंगमध्ये न जाता त्या भोकातून बाहेर टपकावं म्हणून मुद्दाम ठेवलेलं. टपकतं कुठे ते तुम्हीच ओळखा.

बाबांना साताऱ्याला व्हिडिओ कॉलवर हे दाखवलं तर ते दोन मिनिटं नुसते बघतच राहिले, मग म्हणाले, "अरे, मोरीच्या नळाखाली फ्यूजचा बोर्ड लावल्यासारखं आहे हे." याहून नेमकं वर्णन मी अजून कुठे ऐकलेलं नाही.

बाबांकडे आमच्या लहानपणी प्रीमियर पद्मिनी होती. पावसाळ्यात रस्त्यावर जरा पाणी साठलं की ती मिस मारायला लागायची, मग बाजूला घ्यायची, बॉनेट उघडायचं, डिस्ट्रिब्युटरची कॅप काढायची, आतून बाहेरून कोरड्या फडक्याने पुसायची, लावायची, चालू. जून उजाडला की बाबा दुधाची रिकामी पिशवी धुऊन वाळवून डिस्ट्रिब्युटरवर उलटी घालायचे आणि सायकलच्या ट्यूबच्या रबराने बांधायचे. आपलं मत असं होतं की झालं, सुटला प्रश्न. तर हा ३८ डॉलरचा रेनकोट म्हणजे तीच दुधाची पिशवी आहे, फक्त काळी आणि बऱ्या रबराची.

पण माझी गाडी एवढ्या प्रेमाने पुसून चालू होणारी नाही. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात गणपतीच्या कार्यक्रमाहून येताना टर्नपाइकवर एक्झिट १० च्या अलीकडे, वरून मुसळधार, गाडीने आधी एकदा आचका दिला, मग दुसरा, मग टॅकोमीटरचा काटा शून्यावर आणि सगळं शांत. मागच्या डिकीत मोदकांचा डबा आणि मी हजार्ड लाइट लावून बसलोय. स्कॅनर लावला तर कोड १६ आणि ३६ दोन्ही. ३६ म्हणजे त्या ३६० खाचांचा सिग्नल गेला, तो एकटा गेला तर गाडी रडतखडत चालते तरी. १६ म्हणजे आठ खाचांचा सिग्नल, तो गेला की संपलं, ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही.

टोइंगवाल्याने जिथे सोडली त्या गॅरेजचं नाव घेत नाही. त्यांनी नवीन डिस्ट्रिब्युटर बसवला, बिल १४०० डॉलर, आणि मी विचारलं की पंप पण बदलला ना, तर म्हणाला पंप चांगला आहे. बरं. आठ महिन्यांत गाडी परत मिस मारायला लागली, खास करून सकाळी दमट हवेत, गरम झाली की ठीक. तेव्हा म्हटलं आता स्वतः उघडू. या गाडीचं एक सुख आहे, बॉनेट म्हणजे पुढचा अख्खा जबडाच पुढे उघडतो, मडगार्डसकट, त्यामुळे आरामात टायरवर बसून काम करता येतं, चहाचा कप ठेवायलाही जागा.

पंप काढला तर पंपाच्या पोटापासून डिस्ट्रिब्युटरपर्यंत हिरवट पांढरी वाळलेली रेघ, जशी गुळाच्या ढेपेवरून पाक ओघळून वाळावा तशी, बोटाला चिकट. म्हणजे "पंप चांगला आहे" हे असं होतं. कॅप उघडली तर रोटरच्या, म्हणजे आत फिरून करंट वाटणाऱ्या तुकड्याच्या, पितळेवर हिरवं, स्क्रूंना गंज, आणि आत टोकांच्या मधे पेन्सिलीने काढल्यासारख्या बारीक काळ्या रेघा. त्या रेघा म्हणजे करंटने स्वतः शोधलेली चोरवाट, वीस-तीस हजार व्होल्टला ओलसर चिकट कूलंट मिळालं की तो प्लगपर्यंत जायचे कष्ट घेत नाही, जवळच उडी मारतो, आणि एकदा कोळशाची रेघ पडली की ती पुसून जात नाही.

आणि मग खरी गोष्ट दिसली. १९९५-९६ च्या कॉर्व्हेटमध्ये जो डिस्ट्रिब्युटर यायचा त्याला श्वास घ्यायची सोय आहे. दोन बारीक नळ्या, एक इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाच्या) व्हॅक्युमला जोडलेली, मधे एक एकतर्फी व्हॉल्व, दुसरी एअर फिल्टरमधून गाळून आलेल्या स्वच्छ हवेला. इंजिन चालू असलं की आतली हवा सतत थोडी थोडी ओढली जाते आणि कोरडी हवा आत येते. १९९२ ते ९४ च्या कॉर्व्हेटला हे नव्हतं, नंतर कंपनीला शहाणपण सुचलं. माझ्या गाडीत ही व्हॅक्युमची नळी डिस्ट्रिब्युटरमागे नुसती लोंबत होती, रबरी कोपर चिरलेला. चौदाशे डॉलर घेऊन त्यांनी नवीन डिस्ट्रिब्युटरला नाकच जोडलं नव्हतं.

हे एवढं पाल्हाळ लावायचं कारण, हा रेनकोट विकणारा सांगतो की पाणी वरून येतं, वरून अडवा, झालं काम. अर्धंच खरं आहे. ठिणग्या उडतात तिथे ओझोन तयार होतो, त्यात दमट हवा मिळाली की नायट्रिक आम्ल, आणि ते बंद डब्यात आतल्या आत पितळ आणि स्क्रू खातं. वरून थेंबही न पडता ऑप्टिस्पार्क आतून सडू शकतो. त्यामुळे छत्री आणि श्वास दोन्ही पाहिजे, आणि दोन्हीपैकी एकच घ्यायचं असेल तर मी श्वास घेईन.

आता वस्तू. विकणारा छोटा आहे, घरूनच बनवतो असं दिसतं, नाव देत नाही कारण मला जे खटकलंय ते मी त्याला मेल करून कळवलंय. पाकिटात तीन गोष्टी. एक साधारण ३ मिलिमीटर जाड काळ्या रबराचा एप्रन, वरची कड पंपामागे सरकते, बाजूच्या दोन कडा बाहेर वळलेल्या, पन्हाळ असावी तशा. दुसरं, वीप होलला चिकटवायची छोटी एल आकाराची पितळी तोटी आणि दीड-दोन फूट नळी. तिसरं चार झिप टाय. आणि तो कागद.

रबर चांगलं आहे, खरंच. मी एक तुकडा कापून आठवडाभर कूलंटमध्ये बुडवून ठेवला होता, फुगला नाही, चिकट झाला नाही. कापणी मात्र हाताची आहे, माझ्याकडे डाव्या बाजूला वायरच्या जोडाजवळ अर्धा इंच जास्त होता, कात्रीने कापावा लागला.

लावायच्या आधी टेस्ट केली, बायको याला उद्योग नाही म्हणाली. पंप तात्पुरता जागेवर बसवला, एप्रन लावला, डिस्ट्रिब्युटरवर आणि त्याच्या वायरच्या जोडावर पांढरे टिश्यू पेपर गुंडाळले, आणि पाण्यात सढळ हाताने हळद घालून मुलांच्या औषधाच्या सिरिंजने वीप होलपाशी सोडलं. हळद अशासाठी की कूलंटचा हिरवा टिश्यूवर नीट दिसत नाही आणि हळद लपत नाही, हे प्रत्येक मराठी घरातल्या पांढऱ्या शर्टाला माहीत आहे. पहिली फेरी फक्त एप्रन, तोटी नाही, २०० मिली हळूहळू. समोरचा सगळा टिश्यू कोरडा. मागच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी जिथे वायरचा जोड आहे तिथे, नखाएवढा पिवळा डाग. म्हणजे पाणी एप्रनच्या मागच्या पोटावरून उलटं चालत गेलं, थेंबाला खाली पडायच्या ऐवजी चिकटून चालायची खोड असतेच. आणि पोचलं ते नेमकं सगळ्यात नाजूक ठिकाणी.

दुसरी फेरी तोटीसकट. २०० मिली, टिश्यू पूर्ण कोरडे, सगळं पाणी नळीतून खाली ठेवलेल्या वाटीत. म्हणजे ३८ डॉलरच्या पाकिटात खरं काम ती पितळी तोटी करते, जिची किंमत हार्डवेअरच्या दुकानात दोन-तीन डॉलर असेल. एप्रन हा दुसरा पहारेकरी. पंपाचं गॅस्केट गळालं, वरचा होज गळाला, कूलंट भरताना सांडलं, अशा वेळी तो कामाला येतो, कारण हे पाणी तोटीतून जात नाही. आणि सांडतं हो. एलटी-वनमध्ये कूलंट आधी हेडला जातं मग ब्लॉकला, उलटा प्रवाह, त्यामुळे हवा काढायला वर छोटे स्क्रू दिलेत, ते उघडले की फस्सकन येतं बाहेर. आधी मी तिथे जुना टॉवेल आणि प्लास्टिकची पिशवी कोंबायचो, आता एप्रन असला तरी पिशवी कोंबतोच.

खालून उडणाऱ्या पाण्यासाठी याचा काही उपयोग नाही. खड्ड्यातून जोरात गेलात तर पाणी खालून येणार आणि एप्रन वर आहे. प्रेशर वॉशरने इंजिन धुणाऱ्यांना तर मी काही सांगतच नाही.

आता तो कागद. त्यात लिहिलंय की कॅपच्या जोडावर सगळीकडून सिलिकॉन लावा आणि खालची छोटी भोकंही बुजवा म्हणजे पूर्ण वॉटरप्रूफ. अजिबात करू नका. ती भोकं आत आलेलं पाणी बाहेर पडायला आहेत. ती बुजवली की डिस्ट्रिब्युटर रात्री गार, दिवसा गरम, आत वाफ धरते आणि तिथेच बसते, स्टीलच्या डब्यात गरम पोळ्या ठेवून झाकण घट्ट लावल्यावर काय होतं ते आठवा. कॅपच्या जोडावर लावायचंच असेल तर पातळ रेघ लावा, आणि सिलिकॉन सेन्सरला चालणारं घ्या, व्हिनेगरसारखा वास येणारं नको, त्यातून निघणारं आम्ल धातूच्या टोकांना खातं. कागदावर कुठलं सिलिकॉन ते लिहिलेलंच नाही. आणि व्हेंटच्या, म्हणजे त्या श्वासाच्या, नळ्यांबद्दल अख्ख्या कागदावर एक अक्षर नाही. यासाठी अर्धा स्टार.

लावताना माझ्याकडून दोन-चार गोष्टी. पंप काढलाच आहे तर पुढच्या कव्हरमधली सीलं बदलून टाका, क्रँकचं, डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याचं आणि पंपाच्या दांड्याचं. हो, या इंजिनात पंपही पट्ट्यावर नाही, कॅमच्या गिअरवर चालतो, त्यामुळे तिथून ऑइल गळलं तर तेही डिस्ट्रिब्युटरवरच येतं, नशीब बघा त्याचं. रोटरच्या बारीक स्क्रूंना निळं लॉकटाइट एक टिपूस, हे ढिले होऊन आत फिरले तर सगळा चुरा होतो. वायरच्या जोडाला डायइलेक्ट्रिक ग्रीस. आणि व्हेंटच्या नळ्यांचा सेट नवीन घ्या, जुन्याला टेप मारू नका, कारण परत पोचायचं म्हटलं तर क्रँकच्या टोकाचा बॅलन्सर, पंप, सगळं पुन्हा काढायचं, एका चिरलेल्या कोपरासाठी दोन रविवार.

तोटी चिकटवताना पंपाचं तोंड घासून, ब्रेक क्लीनरने पुसून, मग इपॉक्सी. घाईत चिकटवली की पहिल्याच गरम-गारात सुटते. आणि भोकात इपॉक्सी जाऊ देऊ नका, वीप होल बुजलं तर कूलंट बेअरिंगमध्ये जाणार, म्हणजे रोग बरा करताना रोगीच गेला.

व्हेंट चालतोय का ते बघायला मी काय केलं सांगतो, हसा हवं तर. गाडी आयडलवर, आजूबाजूला पेट्रोलचा वास नाही ना बघून, स्वच्छ हवेची नळी एअर डक्टच्या टोकाला सोडवली आणि तिच्या तोंडाशी देवघरातली उदबत्ती धरली. जुनी चिरकी नळी असताना धूर सरळ वर. नवीन सेट लावल्यावर धुराची रेघ वाकून हळूच नळीत शिरली. बाबा कॉलवर होते, म्हणाले "ओढतोय! ओढतोय!" जसं काही लहान मुलाला पहिल्यांदा बाटलीने दूध पाजतोय.

हे सगळं मागच्या जूनमधलं. डिस्ट्रिब्युटर नवीन घेतला, मला साडेपाचशेला पडला. आणि इथे मी स्वतःच शेण खाल्लं, एवढे पैसे गेल्यावर पंपात वाचवले, नवीन न घेता रिबिल्ट घेतला, निम्म्या किमतीत. त्यानंतर साधारण ४,१०० मैल झाले, एक अख्खा हिवाळा, वसंतातला तो भुरभुर पाऊस, जुलैचा दमटपणा ज्यात चष्म्यावर पण पाणी धरतं. एकदाही मिस नाही. एप्रन बघितला, जागेवर आहे, झिप टाय एक तुटला होता, तो मी माझ्याकडचा लावला.

तोटीची नळी मी कागदात सांगितल्याप्रमाणे खाली मोकळी सोडली नाही, पुढच्या फ्रेमला बांधून एका छोट्या पारदर्शक बाटलीत सोडलीय, बॉनेट उघडलं की दिसेल अशी. झाकणाला भोक पाडलंय हवेला. इतके दिवस बाटली कोरडी ठणठणीत होती. मागच्या रविवारी ऑइल बघायला बॉनेट उघडलं तर तळाला हिरवा थर, चमचाभर असेल. डिस्ट्रिब्युटर वरून कोरडा, एप्रन कोरडा, गाडी मस्त चालतेय, आणि पंप मात्र सांगतोय की मी निघालो. आधीच्या वेळी हेच चमचे चमचे आठ महिने डिस्ट्रिब्युटरच्या डोक्यावर पडत होते आणि मला पत्ता नव्हता.

विकणाऱ्याचं मेलला उत्तर आलं, भोकं बुजवायची ओळ काढून टाकतो म्हणाला, काढली की अर्धा स्टार परत देईन. मागच्या डाव्या कोपऱ्याबद्दल काही बोलला नाही. मी तिथे एप्रनच्या खालच्या पोटाला जाड सिलिकॉनची एक आडवी वरंबी घालणार आहे, थेंबाने चालत यायचं तर तिथे अडून खाली पडावं. पंप नवाकोरा मागवलाय, शुक्रवारी येतोय. हळद घरात आहे.